बर्फ वितळल्यानंतर : होडीच्या इंजिनाची वसंतसिद्धता

मोटार सहा महिने न चालवितां दारांत उभी ठेविली तर काय होतें, हें आपल्यापैकीं पुष्कळांस अनुभवानें ठाऊक असेल. बॅटरी उतरते, चाकांतील हवा कमी होते, उंदीर आंत संसार मांडतो. परंतु इंजिनाचें अंग फुटून तें कायमचें निकामी झालें, असें आपल्या हवेंत सहसा घडत नाहीं. उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखांत मात्र होडीच्या इंजिनावर हा प्रसंग कोणत्याही हिंवाळ्यांत येऊं शकतो, आणि तो आला कीं नाहीं याचा निकाल लागतो वसंतांत. आज मराठी कुटुंबांतील कितीतरी मुलेंमुली त्या मुलखांत स्थायिक झालीं आहेत. त्यांपैकीं कांहींनीं घराजवळच्या तळ्यावर होड्याही घेतल्या आहेत. आणि इकडून गेलेल्या आईबापांस व नातवंडांस त्या होडींतून फिरवून आणण्याची हौस त्यांस फार असते. तेव्हां ही होडी पाण्यांत उतरण्यापूर्वीं तिच्या इंजिनाचें काय काय करावें लागतें, याची माहिती इकडील घरांतही असणें अगदींच निरुपयोगी ठरणार नाहीं, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

आमची कन्या ज्या मिनेसोटा संस्थानांत राहते तेथें दहा एकर किंवा त्याहून मोठीं अशीं ११,८४२ तळीं मोजलेलीं आहेत. हिंवाळ्यांत या तळ्यांवर इतका जाड बर्फ धरतो कीं, त्यावरून लोक मोटारी हांकीत जातात व मध्यावर भोंक पाडून मासे धरीत बसतात. दक्षिण भागांतील तळ्यांवरचा बर्फ साधारणपणें एप्रिलच्या मध्यापर्यंत जातो. उत्तरेकडे तो मे महिन्यापर्यंतही रेंगाळतो. म्हणजे वर्षांतील सहा महिने होडीला जमिनीवर, कापडाखालीं निजून काढावे लागतात. या स्थितीस आम्ही शीतनिद्रा म्हणूं. आमच्या कोंकणपट्टींतही जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक मासेमारी कायद्यानें बंद असते. होड्या ओढून वर घेतात, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीं इंजिनें खोलून पुन्हां सज्ज करितात. पण कोंकणांतल्या होडीचे वैरी म्हणजे पावसाळी वादळ आणि खारा गंज. मिनेसोटांतल्या होडीचें वैर आहे तें इंजिनांत चुकून राहिलेल्या ओंजळभर गोड्या पाण्याशीं.

पाण्याचा स्वभाव इतर द्रवांहून निराळा आहे. बहुतेक पदार्थ थंड होतांना आकसत जातात. पाणी मात्र ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत आकसतें आणि त्याखालीं उलट फुगूं लागतें. त्याचा बर्फ झाला म्हणजे आकारमान सुमारें शेंकडा नऊनें वाढतें. या उफराट्या स्वभावामुळेंच बर्फ तरंगतो, तळें वरून गोठतें, आणि खालीं मासे जगतात. सृष्टीची ही योजना शाळेंत शिकवितांना आम्हांस नेहमीं कौतुक वाटे. पण जो गुण माशांस तारतो तोच इंजिनास मारतो. बिडाच्या ओतीव ठोकळ्यांत कोंडलेलें पाणी फुगूं लागलें म्हणजे त्यास जागा करून देण्याइतका लवचिकपणा बिडांत नसतो. ठोकळ्याला चीर जाते. शीतकपाटांत कांठोकांठ भरलेली कांचेची बाटली एकदां विसरलेल्या गृहिणीस हें अधिक फोड करून सांगावयास नको.

होडीच्या इंजिनाचे ढोबळ मानानें दोन प्रकार आहेत. एक होडीच्या मागच्या फळीस बाहेरून टांगलेलें, आणि दुसरें होडीच्या पोटांत बसविलेलें. टांगलेलें इंजिन पाण्याबाहेर काढून सरळ उभें ठेविलें कीं त्यांतील पाणी आपोआप निथळून जातें. म्हणून त्यास थंडीचें भय कमी. हा प्रकार ज्यानें घरोघरीं नेला तो ओले एव्हिनरूड १८७७ सालीं नॉर्वेंत जन्मला व लहानपणींच विस्कॉन्सिन संस्थानांत आला. त्याची गोष्ट अशी सांगतात कीं, १९०६ च्या सुमारास एका कडक उन्हाच्या दिवशीं आपल्या भावी पत्नीसाठीं आइस्क्रीम आणावयास तो तळ्यापलीकडे वल्हें मारीत गेला, आणि परत येईपर्यंत तें सगळें वितळून गेलें. त्या वैतागांतून या यंत्राची कल्पना निघाली. गोष्टींत तिखटमीठ किती, तें बाजूस ठेवूं. त्याच्या आधींच कॅमेरॉन वॉटरमन यानें असें इंजिन करून १९०७ सालीं त्याचें पेटंट मिळविलें होतें. परंतु १९०९ सालीं मिलवॉकी येथें एव्हिनरूडनें कारखाना काढला, तेव्हांपासून तें सामान्य माणसाच्या हातीं आलें, हें खरें. त्या नांवाचीं इंजिनें करणें २०२० सालीं बंद झालें. जुनीं इंजिनें मात्र अजून तळ्यांवर धांवतांना दिसतात.

पोटांतील इंजिनाचें प्रकरण अधिक अवघड. मोटारीच्या इंजिनांत न गोठणारा द्रव बंदिस्त फिरत असतो. पण होडीचीं पुष्कळशीं इंजिनें तळ्याचेंच पाणी ओढून घेतात, तें आपल्या अंगांत खेळवून थंड होतात, आणि पुन्हां तळ्यांत सोडून देतात. तें पाणी ठोकळ्याच्या खांचाखोंचांत सांठून राहतें. शरदांत तें काढून टाकण्यासाठीं ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंस बुचें असतात, तीं उघडावीं लागतात. मग पुष्कळ लोक प्रॉपिलीन ग्लायकॉल नांवाचा न गोठणारा द्रव आंत भरतात. ओळखूं यावा म्हणून बहुधा त्यास गुलाबी रंग दिलेला असतो. (मोटारींत सामान्यतः वापरतात तो एथिलीन ग्लायकॉल निराळा. तो चवीला गोड पण प्राणघातक विषारी आहे. ज्या इंजिनांतील द्रव पुढें तळ्यांत जावयाचा त्यांत तो कधींही घालूं नये.) सिलिंडरांत गंजरोधक तेलाचा फवारा, पेट्रोलांत तें टिकविणारें औषध, नवें वंगण, आणि वर कापड, इतकें झालें म्हणजे होडी निजली.

आमच्या जांवयांच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचा सगळा जन्म इंजिनें उघडण्यांत गेला. बूच उघडल्यावर ते त्या भोंकांत एक बारीक तार घालून फिरवितात. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां त्यांनीं पलीकडच्या कांठावरील एका कुटुंबाची हकीकत सांगितली. त्या घरच्या यजमानानें शरदांत बूच काढलें, चार थेंब पाणी पडलें, आणि ठोकळा रिकामा झाला असें समजून त्यानें बूच परत बसविलें. वास्तविक आंत पाणी भरलेलेंच होतें. गंजाचे पापुद्रे भोंकाच्या तोंडाशीं येऊन बसल्यामुळें तें बाहेर येऊं शकलें नव्हतें. हिंवाळ्यांत ठोकळा आंतल्या बाजूनें चिरला. वसंतांत इंजिन सुरूही झालें, आणि येथेंच घात झाला. कारण सुरू झालें म्हणजे सगळें ठीक आहे, अशी त्या गृहस्थाची समजूत झाली. बायकोमुलांसह तो तळ्याच्या मध्यापर्यंत गेला. तोंवर चिरेंतून पाणी वंगणांत उतरत होतें. वंगणांत पाणी मिसळलें म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, धातूवर धातू घांसूं लागते, आणि इंजिन अडकून बसतें. तसें तें बसलें. वारा सुटला होता. दुसऱ्या एका होडीनें त्यांस दोर लावून ओढून आणलें, म्हणून गोष्ट इंजिनाच्या किंमतीवर भागली.

ती कशावर जाऊं शकली असती, हें समजण्यासाठीं वसंतांतील पाण्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बर्फ गेला, वर ऊन पडलें, झाडांस पालवी फुटली, म्हणजे माणसास वाटतें कीं उन्हाळा आला. हवा लौकर तापते. पाणी तापत नाहीं. बर्फ गेल्यावर कित्येक आठवडे तळ्याचें पाणी माणसाचा जीव घेण्याइतकें थंड असतें. कॅनडांतील मॅनिटोबा विश्वविद्यालयाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनीं या विषयाचा स्वतः थंड पाण्यांत उतरून अभ्यास केला आहे. त्यांनीं सांगितलेलें गणित लक्षांत ठेवण्यास सोपें आहे : एक, दहा, एक. गोठणाऱ्या पाण्यांत पडल्यावर पहिलें एक मिनिट श्वास ताब्यांत आणण्याचें. त्यानंतर सुमारें दहा मिनिटें हातपाय कामाचे राहतात. आणि शुद्ध जाण्यास सुमारें एक तास लागतो. म्हणजे चांगला पोहणारा देखील बहुधा थंडीनें शुद्ध हरपण्यापूर्वींच, हातपाय चालेनासे झाल्यामुळें बुडतो. अंगांत तरंगतें जाकीट असलें तरच तो तास त्याच्या उपयोगी पडतो. मिनेसोटांत दहा वर्षांखालील मुलांनीं चालत्या होडींत असें जाकीट अंगांत घातलेंच पाहिजे, असा कायदा आहे. मोठ्यांसाठीं तें होडींत असलें म्हणजे पुरे. आमच्या मतें हा भेद कायद्यापुरता ठेवावा, वसंतांत तरी घरांत पाळूं नये.

आमच्या जांवयांस पहिल्या उबदार शनिवारींच होडी उतरविण्याची घाई झाली होती. "अण्णा, आज सुटी आहे, ऊनही छान आहे, इंजिन लागलें कीं दुपारीं निघूं," असें ते म्हणाले. शेजारच्या वृद्धांनीं तें ऐकलें, आणि ते कांहीं न बोलतां आपली हत्यारांची पेटी घेऊन आले. त्या दिवशीं दुपार होडीच्या झाकणाखालींच गेली. "चार महिन्यांच्या मौजेसाठीं एवढा खटाटोप कशाला?" असा प्रश्न आमच्या कुटुंबानें खिडकींतून केला. "आई, येथें खटाटोप हीच अर्धी मौज आहे," असें उत्तर जांवयांनीं दिलें. तें थोडेंसें ओशाळून दिलें असें आम्हांस वाटलें.

त्या दुपारीं आम्हीं जें पाहिलें त्यावरून सबंध कामाचें एक सूत्र आमच्या ध्यानांत आलें. हा सगळा पाण्याचा हिशेब आहे. कोठून पाणी गेलें पाहिजे होतें व तें गेलें काय, कोठें तें यावयास नको होतें व तेथें आलें काय, आणि आतां कोठें तें आलेंच पाहिजे, या तीन प्रश्नांभोंवतीं बहुतेक सर्व तपासणी फिरते.

पहिल्यानें पाहावयाची ती वंगण मोजण्याची पट्टी. इंजिन फिरविण्यापूर्वीं ती बाहेर काढून बोटांवर तेल घ्यावें. तें तेलासारखें दिसलें तर ठीक; आपल्या घरच्या दुधाच्या चहासारखें दिसलें, तर त्यांत पाणी आहे, आणि काम तेथेंच थांबवावें. मात्र पट्टीवर तेल चांगलें दिसलें म्हणजे ठोकळा धड आहे, असें निश्चित ठरत नाहीं. वरील हकीकतींतल्याप्रमाणें पाणी पुढें चालतांनाही उतरूं शकतें. म्हणून इंजिन जमिनीवर कांहीं वेळ चालवून मग पट्टी दुसऱ्यानें पाहतात. टांगलेल्या इंजिनाच्या खालच्या भागांत दंतचक्रें असतात, त्यांचें तेलही असेंच तपासावें. तळाचा स्क्रू किंचित् सैल करून थेंब पाडला कीं काळें, पांढरें समजतें. पांढरें निघालें तर पंख्याच्या दांड्यावरील रबराची कडी गेली. बरेच वेळां याचें कारण मासे धरण्याचा तुटका दोरा असतो. तो पंख्यामागें गुंडाळला जातो व त्या कडीस कापतो. पंखा काढून तेथें पाहणें पांच मिनिटांचें काम आहे.

ठोकळ्याचीं बुचें शरदांत उघडीच ठेवून एका पिशवींत घालून सुकाणूचक्रास बांधण्याची रीति पुष्कळांनीं ठेविली आहे. ती आम्हांस पसंत आहे, कारण पिशवी सोडल्याशिवाय चक्र धरतां येत नाहीं.

मग पेट्रोल. अमेरिकेंतील बहुतेक पेट्रोलांत शेंकडा दहापर्यंत मद्यार्क मिसळलेला असतो, आणि मद्यार्कास पाण्याची फार ओढ. टाकींतील दमट हवेंतून तो पाणी शोषून घेतो. तें प्रमाणाबाहेर झालें कीं पाणी व मद्यार्क मिळून पेट्रोलापासून निराळे होऊन तळाशीं बसतात, आणि इंजिनास पेट्रोल पोंचविणारी नळी नेमकी तळांतूनच ओढते. औषध न घातलेलें जुनें पेट्रोल आंबूस वास मारूं लागतें व त्याचा डिंकासारखा थर बारीक छिद्रांत बसतो. वास बिघडलेला आढळला तर तें पेट्रोल काढून टाकण्याच्या जागीं पोंचवावें व नवें भरावें; थोडें नवें मिसळून जुनें खपविण्याची काटकसर येथें उपयोगाची नाहीं. पाणी वेगळें करणारी गाळणी दर वसंतांत नवी घालतात. रबरी नळ्या दाबून, वांकवून पाहाव्या. भेगा दिसल्या कीं बदलाव्या. बॅटरी पूर्ण भारून, तिचीं टोंकें घांसून मग जोडावी. झाकणाखालीं उंदरानें हिंवाळ्यांत घरटें केलें असेल तर तें काढून तारा कुरतडल्या आहेत कीं काय तें पाहावें. उंदीर सर्व देशांत सारखाच.

आतां पाणी जेथें आलेंच पाहिजे तेथें. इंजिनास थंड करणारें पाणी एक लहान रबरी पंखा वर ढकलतो. हिंवाळाभर एकाच बाजूस वांकून राहिल्यामुळें त्याचीं पातीं तशींच ताठरतात, आणि कोरडा फिरविला तर तो कांहीं क्षणांत करपतो. म्हणून होडी जमिनीवर असतां इंजिन नुसतें 'लागतें का' म्हणून देखील कोरडें फिरवूं नये. पाणी आंत घेण्याच्या छिद्रांवर बसणाऱ्या रबरी वाट्या मिळतात. त्यांस बागेंतील नळाची नळी जोडावी, पाणी सोडावें, आणि मगच इंजिन चालू करावें. टांगलेल्या इंजिनाच्या पाठीमागून एक बारीक धार बाहेर पडूं लागली म्हणजे पाणी फिरत आहे असें समजावें. या धारेस इंग्रजींत चहाडखोर या अर्थाचें नांव आहे. आम्ही तिला साक्षीधार म्हणूं. ती दिसली नाहीं तर इंजिन ताबडतोब बंद करावें.

पहिल्या सुरुवातीस धुराचा मोठा लोट उठतो. सिलिंडरांत मारलेलें गंजरोधक तेल जळत असतें, त्यास भिऊं नये. थोड्या वेळानें धूर निवळतो. भ्यावयाचें तें न दिसणाऱ्या दोन गोष्टींस. एक, धुराबरोबर निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, म्हणून हें काम बंद कोठींत कधींही करूं नये. दुसरी गोष्ट पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षां जड असल्यामुळें पोटांत इंजिन असलेल्या होडीच्या तळाशीं सांचून राहते, आणि एका ठिणगीनें होडीचे तुकडे होतात. अशा होडींत वाफ बाहेर काढणारा विजेचा पंखा असतो. तो चालू करण्यापूर्वींच झाकण उघडून नाकानें वास घ्यावा, आणि मग तो निदान चार मिनिटें चालवून इंजिनाची किल्ली फिरवावी. वास आला तर पंखाही लावूं नये, गळती शोधावी. शेजारचे वृद्ध घड्याळ हातांत धरून चार मिनिटें उभे होते. आमचा नातू तीं सेकंदासेकंदानें मोजीत होता. गुलाबी द्रव नळींतून बाहेर पडूं लागला तो त्यांनीं खालीं परात धरून गोळा केला.

२०२१ सालच्या १ एप्रिलपासून अमेरिकेंत सव्वीस फुटांहून लहान होडी वेगानें चालविणाऱ्यानें इंजिन बंद करणारी दोरी अंगास जोडली पाहिजे, असा कायदा झाला आहे. चालविणारा पाण्यांत पडला कीं दोरी निसटते आणि इंजिन थांबतें. नाहीं तर रिकामी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. ही दोरी ओढून इंजिन खरोखर बंद पडतें काय, तें जमिनीवरच पाहावें.

होडी दुसऱ्या शनिवारीं उतरली. मिनेसोटांत एका तळ्यांतील परके जीवजंतु दुसऱ्यांत जाऊं नयेत म्हणून, होडी रस्त्यानें नेतांना तिच्या तळाचें बूच काढलेलें असलें पाहिजे असा नियम आहे. नियम चांगला आहे. परंतु त्यामुळें उतारावर पोंचल्यावर तें बूच परत बसविण्यास विसरणारेही दर वसंतांत निघतात, आणि त्यांची होडी सर्वांदेखत भरूं लागते. आमच्या नातवाकडे त्या दिवशीं हें एकच काम सोंपविलें होतें. बूच बसल्यावर होडी गाड्यावरून पूर्ण न सोडतां अर्धवट पाण्यांत नेली, तळ कोरडा आहे हें पाहिलें, आणि मग दोर सोडला. धक्क्यास बांधलेल्या स्थितींत इंजिन दहा मिनिटें चाललें. पुढची व मागची गति दोन्ही लावून पाहिल्या. पहिली फेरी कांठाकांठानेंच झाली, सर्वांच्या अंगांत जाकिटें आणि पायांशीं वल्हीं. अर्ध्या तासानें परत आल्यावर जांवयांनीं कोणीं न सांगतां झाकण उघडलें, पट्टी काढली, आणि बोटावरचें तेल उन्हांत धरून शेजारच्या वृद्धांस दाखविलें.